फाउंड्रीतल्या चाळीस जणांना बक्षीस म्हणून सहलीला न्यायचंय: कुठे, कधी आणि मुख्य म्हणजे कुणाला?

उजळाईवाडी_एचआर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. पंपांची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग्ज करतो. कायम कामगार ११०, ठेकेदाराकडचे साठेक, ऑफिस आणि मार्केटिंग मिळून बावीस. मी एचआर आणि ॲडमिन दोन्ही बघते, हजेरीपासून कँटीनच्या गॅसपर्यंत. नऊ वर्षं झाली इथे.

यंदा रिजेक्शन (नापास होणारा माल) साडेसहा टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. ज्यांनी फाउंड्रीत काम केलंय त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल. वितळवलेलं लोखंड तेच, वीज तीच, माणसं तीच, आणि दर महिन्याला परत भट्टीत जाणारा माल जवळपास निम्मा झाला. लक्ष्मीपूजनाला साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा चाळीस जणांना कंपनीच्या खर्चानं फिरवून आणणार." टाळ्या झाल्या, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी ते काम माझ्या टेबलावर आलं.

साहेबांच्या मनात थायलंड आहे. त्यांच्या ओळखीच्या दोन कारखानदारांनी आपल्या लोकांना तिकडे नेलं होतं. मार्केटिंगची मुलंही तेच म्हणतायत. बजेट आधी १४ लाख सांगितलं होतं. थायलंडचं कोटेशन माणशी ४९,५०० आलं, म्हणजे १९ लाख ८० हजार. त्यावर साहेब म्हणाले, "वीसपर्यंत जाऊ या, पण बाहेरच्या देशात जाऊ या."

मला भीती वाटते ती तीन वर्षांपूर्वीच्या सहलीमुळे. तेव्हा फक्त मार्केटिंगचे चौदा जण गोव्याला गेले होते. बीचवरचे फोटो कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले, आणि तो ग्रुप शॉपफ्लोअरचासुद्धा होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फेटलिंगचे (ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या विभागाचे) एक मामा माझ्याकडे आले. सव्वीस वर्षं ग्राइंडर धरलेला माणूस. बोटांची पेरं जाड झालेली, नखांत काळी पूड कायमची बसलेली. ते रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "मॅडम, माल आम्ही घासतो आणि फोटोत ते." त्यानंतर दोन महिने रविवारच्या ओव्हरटाइमला माणूस मिळत नव्हता. वर गंमत म्हणजे जे गेले होते तेही खूश राहिले नाहीत. मार्चच्या पगारात दोघा मॅनेजरांचा सहलीपोटी टॅक्स कापला गेला, आणि ते कुणी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. आमच्या मागच्या कंपाउंडच्या पलीकडे काही अंतरावर कोल्हापूरचं विमानतळ आहे. विमान उतरताना चाकं बाहेर आलेली दिसतात, इतकं खाली येतं. नॉकआउटची (साचे फोडून माल बाहेर काढणारी) पोरं क्षणभर हात थांबवून वर बघतात, रोज. परवा चहाच्या वेळी मी सहज विचारलं की विमानात कोण कोण बसलंय. ३१ जणांत तीन हात वर झाले. त्या तिघांतले दोघे क्वालिटीचे इंजिनिअर.

तर माझे प्रश्न:
चाळीस जण निवडायचे कसे, की उरलेल्या दीडशे जणांना अपमान वाटू नये?
ठेकेदाराच्या माणसांना धरायचं का? मोल्डिंगमध्ये ओडिशाची पोरं आहेत, त्यांच्याशिवाय रिजेक्शन उतरलंच नसतं.
थायलंड योग्य आहे का? संभाव्य यादीतल्या चाळीसपैकी नऊ जणांकडे पासपोर्ट आहे.
टॅक्सचं नीट कुणी समजावेल का?

जानेवारीत जायचं म्हणतायत. कृपया अनुभवाचं सांगा.

सातपूरचा_जुना_सेल्सवाला

ताई, तुम्ही प्रश्न बरोबर क्रमानं विचारलात. बहुतेक ठिकाणी आधी हॉटेल ठरतं आणि यादी शेवटच्या आठवड्यात होते.

मी नाशिकला एका इलेक्ट्रिकल मालाच्या कंपनीत अठरा वर्षं सेल्स सांभाळला आणि अशा अकरा सहली काढल्या. त्यातल्या दोन चुका सांगतो. त्या मला आजही आठवतात.

पहिली. सुरुवातीला आम्ही 'टॉप टेन' ठेवलं होतं. ज्यांची विक्री सगळ्यात जास्त ते दहा जण सहलीला. पहिल्या वर्षी मजा आली. दुसऱ्या वर्षी त्या दहांतले सात तेच. तिसऱ्या वर्षी तर जूनमध्येच सगळ्यांना माहीत होतं की कोण जाणार. पुण्या-मुंबईचा एरिया ज्याच्याकडे, तो जाणार. धुळे-नंदुरबारच्या मुलानं कितीही पळापळ केली तरी तो आकडा गाठूच शकत नव्हता. त्यानं पळणंच सोडलं. मग आम्ही नियम बदलला: प्रत्येकानं स्वतःच्या मागच्या वर्षाच्या आकड्यापेक्षा किती टक्के वाढ केली ते बघायचं. त्या वर्षी नंदुरबारचा मुलगा बायकोला घेऊन केरळला आला. हाउसबोटीत बसून त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला होता. बोट दाखवायच्या आधी त्यानं आमच्या एमडींना दाखवलं.

दुसरी चूक जास्त वाईट आहे आणि तुमच्या धंद्याशी जवळची आहे. आमच्या प्लांटच्या लोकांसाठी एका वर्षी नियम केला की ज्या सेक्शनमध्ये वर्षभर अपघात नाही तो सेक्शन सहलीला. ऐकायला किती छान. नोव्हेंबरमध्ये एका मुलाच्या पायावर गरम मेण सांडलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. सेक्शनच्या बारा जणांची सहल आपल्यामुळे जाईल म्हणून. घरी हळद लावली, मोजा चढवला आणि चार दिवस तसाच कामावर आला. पाचव्या दिवशी ताप चढला तेव्हा कळलं. पाय वाचला, पण तो नियम मी त्याच दिवशी फाडून टाकायला लावला. तुमच्याकडे तर वितळलेलं लोखंड आहे. अपघाताच्या आकड्याला बक्षीस बांधू नका, कधीच. लोक अपघात टाळत नाहीत, लपवतात. बक्षीस द्यायचंच असेल तर गॉगल, लेगगार्ड न चुकता घालणाऱ्याला द्या, धोका दाखवून देणाऱ्याला द्या.

निवडीबद्दल: प्रत्येक विभागाला त्याच्या माणसांच्या प्रमाणात जागा द्या. विभागात निम्म्या जागा आकड्यावर आणि निम्म्या सोबतच्यांच्या मतावर. चिठ्ठीवर दोन नावं लिहायला सांगा, 'ज्याच्यामुळे माझं काम सोपं झालं'. कोण खरं काम करतं ते बाजूच्या माणसाला सुपरवायझरपेक्षा चांगलं माहीत असतं. आणि पुढच्या वर्षीचा नियम येत्या एप्रिलमध्येच नोटीस बोर्डावर लावा, मराठीत, आणि दर महिन्याला आकडे लिहीत जा. मध्येच टार्गेट वाढवायचं नाही. आमच्या मॅनेजमेंटनं एकदा दिवाळीनंतर वाढवलं होतं. त्यानंतर तीन वर्षं लोक बोर्डाकडे बघायचेच नाहीत.

ठेकेदाराची माणसं घ्याच. पण त्यांना विचारून घ्या की बक्षीस म्हणून त्यांना काय हवंय.

हिशेबवही_सांगली

सीए आहे, टॅक्सपुरतं लिहितो.

कामगार आणि कर्मचारी: निव्वळ मौजेची सहल कंपनीनं दिली की ती कर्मचाऱ्याच्या हाती पर्क्विझिट (पगाराव्यतिरिक्तचा लाभ) धरली जाते, पगारात मिळवली जाते आणि टीडीएस पगारावरच्या नियमानं कापला जातो. तुमच्या दोघा मॅनेजरांचं तेच झालं. आता दिलासा असा की २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेटमुळे कर लागत नाही, आणि पगारदारांना ७५ हजारांची प्रमाण वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. म्हणजे शॉपफ्लोअरवर कुणालाच फटका बसू नये. वरच्या पगाराचे जे दोन-चार जण असतील त्यांच्यासाठी कंपनीला तो कर स्वतःच्या खिशातून भरता येतो. मात्र भरलेला कर कंपनीला खर्च म्हणून वजा मिळत नाही. काहीही करा, पण सहलीच्या आधी लेखी सांगा.

मार्केटिंगवाले कुणी डीलर सोबत घेऊ म्हणाले तर सावध. डीलर हा कर्मचारी नव्हे. त्याला १ जुलै २०२२ पासून लागू झालेलं, १९४आर म्हणून सगळे ओळखतात ते कलम लागतं. वर्षाला २० हजारांच्या वर फायदा दिला की १० टक्के टीडीएस. वस्तुरूपात किंवा सहलीच्या रूपात दिलं तर तो कर भरला गेल्याची खात्री आधी करायची आणि मगच फायदा द्यायचा. त्यांची सहल वेगळी ठेवा, हिशेब वेगळा ठेवा.

जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल असं बजेटमध्ये धरू नका. आणि परदेशाचं पॅकेज घेतलंत तर टीसीएस (विकणाऱ्यानं आधीच गोळा करायचा कर) वर येतो. त्याचे दर गेल्या काही बजेटांत बदललेत, कोटेशन त्या दिवशीच्या दरानं मागवा.

मशीनशॉप_कागल

मॅडम, मी तुमच्यासारख्याच एका कंपनीत ऑपरेटर आहे, नाव सांगत न्हाई. दोन वर्साखाली मला बक्षीस म्हणून सहल लागली होती. सिंगापूर. नाव पुकारलं तवा लई आनंद झाला. घरी सांगितलं तर मंडळी एकदम गप्प. मग म्हणाली, "जावा की. म्हशीचं मी बघती."

तिथं पाच दिवस हुतो. सगळं भारी, इमारती, रस्ते, कागदाचा कपटा न्हाई कुठं. पण रोज संध्याकाळी हाटेलच्या खोलीत आलो की वाटायचं, मी रात्रपाळी करून आलो की सकाळी डबा करून देणारी ती, माझ्या ड्युटीसाठनं पोरांचं दुखणंखुपणं एकटीनं काढणारी ती, आन् आज हितं मी एकटाच. आल्यावर फोटो दाखवलं. तिनं सगळं बघितलं, एकेक. मग म्हणाली, "विमानात कानात दडं बसतात म्हणं, खरं का?" मला उत्तर द्यायला झालं न्हाई बघा.

माझं ऐकणार असला तर लांब न्हेऊ नका, जवळ न्या, पण दोघांना न्या. आन् तारीख ठरवायच्या आधी इचारा की कुणाचा ऊस कधी जाणार. जानेवारीत ऊसतोडीची टोळी येती. टोळी आली आन् मालक घरात न्हाई म्हणलं की पुढचा नंबर कधी लागंल सांगता येत न्हाई. म्हशीची धार काढायला शेजारी, भावकी कुणीतरी मिळतंय, पण त्यांना आठ दिस आधी सांगाय लागतंय.

सहल_नियोजक_पुणे

मी पंधरा वर्षं कंपन्यांच्या सहली करतो. थायलंड विकलं तर मला कमिशन जास्त, तरी कागलच्या दादांशी मी सहमत आहे.

आधी पासपोर्टचं. एकतीस पासपोर्ट दोन महिन्यांत काढणं अशक्य नाही. साध्या अर्जाची फी १५०० रुपये आहे, तत्काळला आणखी २०००. अडतं ते नावात. बायकोच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. पोलीस व्हेरिफिकेशनला घरी जातात तेव्हा माणूस दुसऱ्या पाळीला असतो. दुसरं, दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरचा (इमिग्रेशन तपासणी आवश्यक असल्याचा) शेरा येतो. तो शेरा नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता असतो, पर्यटनाला अडचण नाही. पण थायलंड, मलेशिया, यूएई हे ती तपासणी लागणाऱ्या देशांच्या यादीतलेच. इमिग्रेशनला चार प्रश्न जास्त विचारले जातात. आयुष्यात पहिल्यांदा विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाला बाकीच्यांसमोर बाजूला घेतलं की त्याची सगळी सहल तिथेच उतरते. मी हे पाहिलंय.

माझी सूचना: उजळाईवाडीवरूनच उडा. ज्या धावपट्टीकडे ही माणसं रोज बघतात तिथूनच. बेंगळुरूला जा, तिथून म्हैसूर आणि उटी. पाच रात्री, जोडीनं, ग्रुप भाडं धरून माणशी २४ ते २६ हजारांत बसवता येतं.

आखताना एवढं बघा. म्हैसूरचा राजवाडा रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या संध्याकाळी सातच्या सुमारास उजळतो, जवळपास लाखभर दिवे एकदम लागतात. म्हणून रविवारी सकाळचं विमान पकडा. बेंगळुरूचं विमानतळ शहराच्या पार उत्तरेला देवनहळ्ळीला आहे, म्हैसूरला पोचायला चार तास धरा. वाटेत जेवण लांबवलंत तर दिवे चुकतील, मग पुढच्या रविवारपर्यंत नाहीत. म्हैसूरचं झू मंगळवारी बंद, ते सोमवारी उरका. मंगळवारी उटी. बंदीपूरच्या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ गाड्या बंद असतात, तेव्हा दिवसाउजेडीच निघा. बस गुडलूरवरून न्यायची, मसिनगुडीकडचा कल्हट्टी घाट मोठ्या बसचा नाही. उटीत शिरायला गाडीचा ई-पास लागतो, तो बसवाल्यावर सोडू नका, त्याची प्रत स्वतःकडे घ्या. उटीच्या छोट्या रेल्वेची चाळीस तिकिटं एकत्र मिळणं अवघड असतं. कुन्नूर ते उटी एवढाच टप्पा घ्या आणि बुकिंग उघडल्या दिवशीच करा. नाही मिळाली तर आधीच सांगून टाका, शेवटपर्यंत आशा दाखवू नका.

कोल्हापूरचं वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. विमान रद्द झालं तर बेळगाव विमानतळावरून कसं जायचं, हे आधीच कागदावर असू द्या. सगळ्यांना एकाच विमानात कोंबू नका, दोन बॅच करा. तुमची भट्टीही चालू राहील.

निघायच्या आदल्या आठवड्यात अर्धा तास सगळ्यांना बसवून सांगा: तिकिटावरचं नाव आधारसारखंच हवं, काडेपेटी आणि लायटर घरी, कोयती-विळी पिशवीत नको, सुकं खोबरं विमानात चालत नाही. हे काउंटरवर कळलं तर माणूस ओशाळतो. आणि अपघाती विमा प्रत्येकाचा, बायकांचासुद्धा.

सातपूरचा_जुना_सेल्सवाला

वरच्यात एक भर. ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांना आईला किंवा वडिलांना आणू द्या. 'जोडी' म्हणजे नवरा-बायकोच असा अर्थ लावून आम्ही एकदा एका विधवा पॅकरताईला एकटीला नेलं होतं. तिची मुलगी बारावीत होती, तिला आणता आलं असतं. मला सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

उजळाईवाडी_एचआर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत बरंच घडलं, ते सांगते.

मी साहेबांकडे एकच कागद घेऊन गेले. वरच्या ओळीत थायलंड: ४० माणसं, ४९,५०० प्रमाणे १९ लाख ८० हजार. खालच्या ओळीत म्हैसूर-उटी: ४० जोड्या म्हणजे ८० माणसं, २४,८०० प्रमाणे १९ लाख ८४ हजार. चार हजारांचा फरक. सोबत कागलच्या दादांचं उत्तर छापून नेलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग इंटरकॉमवरून घरी फोन लावला आणि वहिनींना म्हणाले, "तुलाही यायचंय आमच्याबरोबर, फाउंड्रीच्या लोकांसोबत." मग मला म्हणाले, "कर."

निवड चिठ्ठ्यांनी झाली. प्रत्येकानं दोन नावं. मी आणि युनियनचे दोघे, आम्ही तिघांनी मिळून कँटीनच्या टेबलावर मोजली. मोल्डिंग ११, फेटलिंग ८, मेल्टिंग ६, कोअर ५, क्वालिटी ४, मार्केटिंग ४, आणि कँटीन व गेट मिळून २. प्रमाणात बसवताना मेंटेनन्सचा वाटा मी मेल्टिंगमध्ये धरला होता, त्यावर वाद झाला आणि तो योग्यच होता. पुढच्या वर्षी त्यांना वेगळा विभाग. यादीत ठेकेदाराकडचे बारा जण आहेत. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कुणाला पडल्या असतील? क्रेन चालवणाऱ्या पोराला. दिवसभर वर बसून असतो, खाली उतरला की कुणाशी फार बोलत नाही. पण लॅडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) बरोबर जागेवर आणि धक्का न देता आणतो म्हणून पोअरिंगच्या सगळ्यांनी त्याचं नाव लिहिलं. त्याला स्वतःला खरं वाटेना.

बारांमधली चार मुलं ओडिशाची, गंजाम जिल्ह्यातली. सातपूरच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे त्यांना बसवून विचारलं. एकानं चौघांच्या वतीनं सांगितलं, घरी जायला मिळालं तर बरं होईल, उटी नको. दोन वर्षांत तो घरी गेला नव्हता, मुलगी सव्वा वर्षाची झालीय. चौघांना भुवनेश्वरपर्यंत विमानाचं जाऊन-येऊन तिकीट आणि दहा दिवसांची भरपगारी सुट्टी दिली. ठेकेदार सुट्टीचे पैसे द्यायला तयार नव्हता, ते कंपनीनं घेतले. त्यांच्या आठ जागांचे पैसे त्यातच गेले, बाकी काही वाढवावं लागलं नाही.

मार्केटिंगचे नाराज आहेत, हे लपवत नाही. चारच जागा का, आणि बायको-मुलांच्या गर्दीत कसली मजा, असं एकानं तोंडावर सांगितलं. त्यांचं काम मोलाचं आहे, ते ऑर्डर आणतात म्हणून भट्टी पेटते. त्यांच्यासाठी वेगळा इन्सेंटिव्ह हवा, तो साहेब एप्रिलमध्ये जाहीर करणार आहेत. पण यंदाचं बक्षीस रिजेक्शन उतरल्याचं आहे, आणि ते शॉपवर उतरलं. डीलर नेण्याचा विषयही निघाला होता. सांगलीच्या सीए साहेबांचं उत्तर दाखवल्यावर तो तिथेच मिटला.

तारखा: पहिली बॅच संक्रांतीनंतरच्या रविवारी, शुक्रवारी परत. दुसरी लगेच पुढच्या रविवारी. म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आत सगळे घरी. ज्यांचा ऊस अजून उभा आहे त्यांना दुसऱ्या बॅचमध्ये टाकलं. तरी दोघांचा नंबर नेमका त्याच आठवड्यात येईलसं दिसतंय. साहेबांनी साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात विनंती केलीय. बघू.

पत्रं घरी पाठवली, कामगाराच्या हातात दिली नाहीत. मराठीत, साहेबांच्या सहीची, आणि पाकिटावर घरच्यांचं नाव. 'सौ.' लिहून पुढे बायकोचं नाव, किंवा आईचं. मजकूर चारच ओळींचा: तुमच्या घरातल्या माणसानं यंदा काय काम केलं, आणि त्यात तुमचा वाटा आहे म्हणून तुम्हा दोघांना बोलावणं.

फेटलिंगचे मामा यादीत आहेत, चिठ्ठ्यांनी आले, मी काही केलेलं नाही. परवा सुट्टीत ते ऑफिसच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी बूट काळे आहेत म्हणून उंबऱ्याबाहेरच. म्हणाले, मामींनी पत्र देव्हाऱ्यात ठेवलंय. मग जरा थांबून विचारलं, "मॅडम, विमान उडताना आपली फाउंड्री वरून दिसंल का? आमच्या मंडळींना दाखवायची होती, मी कुठं असतो ते."

धावपट्टीच्या कोणत्या दिशेनं उडेल त्यावर ते अवलंबून आहे, असं विमानतळावरच्या एका ओळखीच्यांनी सांगितलं. मी दोघांसाठी खिडकीकडच्या जागा मागितल्यात. डावीकडच्या की उजवीकडच्या घ्याव्यात, हे बेंगळुरूच्या विमानानं नेहमी जाणारं कुणी असेल तर कृपया सांगा. आणि उटीला जानेवारीत पहाटे दहिवर पडतं म्हणतात. बायकांसाठी शाली आणि सगळ्यांसाठी कानटोप्या ठोक भावात कुठे मिळतील?

मशीनशॉप_कागल

डावी-उजवी मला सांगता येणार न्हाई. पण मॅडम, मामांना खिडकी नको. खिडकी मामींना द्या, मामा शेजारच्या जागेवरनं बोट करून दाखवतील.